चिठ्ठी नसलेलं पान

आधीच सांगून टाकतो, लोक लिहून पाठवतात त्या भुताखेतांच्या, चमत्कारांच्या अनुभवांना हसणाऱ्यांतला मी एक. बायको ते वाचते, आणि मी चहा पीत मध्येमध्ये टोमणे मारतो. वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हाच घरातले देव, अंगारे-धुपारे, अंगात येणं... सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं. मी त्याच घरात वाढलो, पुढे भूगोल शिकवला. तेव्हा हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण सुनंदा — माझी बायको — म्हणाली, लिहून टाका, नाहीतर तुमच्या डोक्यातून ते जायचं नाही.

गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. मी अंबडला ज्युनिअर कॉलेजात होतो, दोन खोल्यांचं घर होतं. वडील, म्हणजे अण्णा, वडीगोद्रीच्या बाजूच्या एका खेड्यात तीस-बत्तीस वर्षं गुरुजी होते. आई गेल्यावर मी त्यांना अंबडला घेऊन आलो.

अण्णांचं एक खूळ होतं. पूर्वी पोराला शाळेत घालायला आई घेऊन यायची, तिला तारीख माहीत नसायची आणि रजिस्टरला तारीख तर हवीच. मग गुरुजी लोक सरसकट एक जून लिहायचे. आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जून, सुनंदाचाही तोच. अण्णाही तसंच लिहायचे, पण त्यांच्या मनाला ते खायचं. म्हणून पोराच्या आईला आमच्या घरी बोलावून, ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत चिठ्ठीवर उतरवून, दुकानदार बिलं ओवतात तसल्या तारेत ते ओवून ठेवायचे. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिशी, कासाराची म्हैस व्याली त्या सकाळी.’ ‘कौसाच्या दिगंबरनंतर सहा दिसांनी.’ बहुतेक बायका अशाच सांगायच्या — अमकीचं पोर झालं, त्यानंतर इतक्या दिवसांनी माझं. नियम एकच होता, चिठ्ठी आईच्या तोंडचीच हवी. बाप अंदाजानं सांगतो, असं अण्णांचं म्हणणं.

अशा चार तारा घेऊन अण्णा अंबडला आले, आणि वर्षभरात त्यांची आठवण जायला लागली. जालन्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे वाढतच जाणार. दिवसभर अण्णा तारा मांडीवर घेऊन बसायचे, चिठ्ठ्या काढायचे, परत ओवायचे. तार बोटात घुसायची, चिठ्ठ्यांना रक्त लागायचं.

“एक चिठ्ठी न्हाई यात,” ते म्हणायचे.

“कोणाची, अण्णा?”

“तेच तर आठवंना. तू हुडक ना जल्दी.”

पुढे पुढे जेवण सुटलं. सुनंदा ताट घेऊन यायची, “मामा, दोन घास तरी खा,” म्हणायची. ते ताट बाजूला सारायचे. “चिठ्ठी सापडू दे, मंग खातो.” माणूस हाडावर आला होता. आम्हा दोघांना दिसत होतं की ही चिठ्ठी सापडली नाही तर अण्णा उन्हाळा काढणार नाहीत.

म्हणून मी ठरवलं, सगळ्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या. अण्णांना नाव, म्हैस, विहीर... काहीही आठवलं की सर्च करून दोन सेकंदात चिठ्ठी समोर. कॉम्प्युटर मासिकांबरोबर तेव्हा फुकट सॉफ्टवेअरच्या सीड्या यायच्या. मी नोट्स ठेवायचे प्रोग्राम एकामागून एक टाकून बघायला लागलो. सुनंदा म्हणाली, “सून बघायला निघाल्यासारखे सॉफ्टवेअर बघताय. एखादी वही का नाही घालत?”

पहिला प्रोग्राम डेटाबेसचा. त्यात जन्मतारीख सक्तीची, रिकामी ठेवली की लाल पट्टी येऊन अडवायचा. वैतागून मी एक जून टाकत सुटलो. तीस-चाळीस चिठ्ठ्या झाल्यावर ध्यानात आलं, जी चूक आयुष्यभर अण्णांना खात होती तीच मी मुकाट्यानं करतोय. सगळं पुसून टाकलं. दुसरा झाडासारखा — फांदीखाली फांदी. पण यात दिगंबर कोणाच्या फांदीखाली घालायचा? शिवाय मराठी टाइप केलं की नुसती प्रश्नचिन्हं. तिसरा मात्र पसंत पडला. युनिकोड चालायचं, प्रत्येक चिठ्ठीचं सुटं पान, एका पानावरून दुसऱ्याला लिंक द्यायची सोय. आणि पानाच्या तळाशी आपोआप यादी यायची, या पानाकडे कोणकोणत्या पानांवरून लिंक येते त्याची.

कॉलेज सुटल्यावर रोज थोड्या थोड्या, अशा चारशे सोळा चिठ्ठ्या मी टाइप केल्या. लिंका नंतर सावकाश देऊ म्हणून एकही दिली नव्हती. हे मला पक्कं आठवतंय.

एका रविवारी दुपारी लोडशेडिंग संपून लाईट आली. प्रोग्राम उघडला तर पानं चारशे सतरा. वाटलं, एखादी चिठ्ठी दोनदा टाइप झाली असेल. पण जास्तीचं पान कोरंच होतं. नाव ‘नवीन पान’. आपण नाव दिलं नाही की प्रोग्राम हेच नाव देतो. चुकून बटण दाबलं गेलं असणार... पुसायला गेलो आणि तळाशी नजर गेली.

या पानाकडे येणारी पानं : सात.

ती सातही पानं मी उघडली. लिंक कुठेच नव्हती. मग कागदी चिठ्ठ्या काढून अंथरुणावर मांडल्या. सातही पोरं एका गल्लीतली, एकाच वर्षी ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत जन्मलेली. प्रोग्राम कुठलीही यादी अ-आ-इ-ई प्रमाणे द्यायचा. ही यादी तशी नव्हती. कोण आधी, कोण नंतर, त्या क्रमानं होती. आणि तिसरा दिगंबर, चौथी शांता, या दोघांच्या मध्ये एक ओळ मोकळी सोडलेली.

भर दुपारची वेळ, बाहेर भांडीवाला ओरडत होता, आणि मला मात्र त्या खोलीत एकट्यानं बसवेना. मी अण्णांना धरून आणलं, खुर्चीवर बसवलं. कॉम्प्युटर काय असतो हेही ते विसरून गेले होते. पण यादी त्यांनी बोट ठेवून, वर्गात हजेरी घेतात तशी मोठ्यानं वाचली. दिगंबरपाशी थांबले. बोट खालच्या मोकळ्या ओळीवर आणलं आणि तिथून हलवेचनात.

“हिथं. हीच.”

“कोण, अण्णा?”

“तुझ्या आधीची. नऊ दिवस होती. बारसं व्हायचं राह्यलं.”

मी चाळिशी ओलांडलेला माणूस. मला बहीण होती हे त्या दिवशी, त्या खुर्चीमागे उभा राहून मला कळलं. रडू आलं की राग आला, आजही सांगता येणार नाही.

“मग तिची चिठ्ठी कुठंय?”

अण्णांनी बोट त्या ओळीवरून उचललं. मग म्हणाले, “चिठ्ठी लिहिलीच न्हाई. तुझी आई कधी बोललीच न्हाई त्यावर. तिनं सांगितल्याबिगर मी कसं लिहू?”

म्हणजे इतके महिने ते जी हुडकत होते, ती चिठ्ठी कधी नव्हतीच. मी विचारलं, पानाला काही नाव देऊ का? त्यांनी मान हलवली. “बारसंच झालं न्हाई, मंग आपण कोण ठिवणार? राहू दे तसंच. पर जागा बराबर हाय.”

त्या दुपारी अण्णांनी पिठलं आणि दीड भाकरी खाल्ली. सुनंदा स्वयंपाकघरात जाऊन रडली. तारांकडे त्यांनी पुन्हा पाहिलंही नाही.

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे एक सर होते, त्यांना मी दाखवलं. इंडेक्स, म्हणजे प्रोग्रामची आतली सूची, बिघडला असेल म्हणाले. त्यांनी तो पुसून नव्यानं बनवला. पान तसंच, सात नावं तशीच, मधली ओळ मोकळी. सर म्हणाले, “डिलीट करून टाका, विषय संपला.” माझ्या हातून ते झालं नाही.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच गावी गेलो. दिगंबरची आई कौसामावशी तेवढी त्या बायकांपैकी हयात होती. ऐंशीच्या घरातली, ओसरीवर वाती वळत बसली होती. मी जरा भीतभीतच विचारलं. तिनं वात खाली ठेवली.

“आमच्या दिगूनंतर तिसऱ्या दिशी झाल्ती. शांताच्या आधी. मीच न्हाऊ घातलं तिला.” मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “तुला कोणी सांगितलं? तुझ्या आईनं तर सांगू नका म्हणून शपथ घातल्ती आम्हाला.”

“अण्णा म्हणतात, आई कधी बोलली नाही.”

“बोलली न्हाई म्हंजे?” म्हातारीचा आवाज चढला. “लेकरा, गावातल्या समद्या बाया तुमच्या दारात यायच्या, चिठ्ठी सांगायला. तुझी आई आत चुलीपाशी बसून ऐकायची. मला म्हणायची — कौसा, गुरुजी समद्यांना इचारून राह्यले, एक दिवस मलाबी इचारतील. मी समदं ध्यानात ठिवलंय. कोणत्या वेळी झाली, केस कसे होते, बिलकुल समदं. त्यांनी इचारलं की सांगीन.” तिनं पदरानं डोळे पुसले. “ती मरायच्या आधी मी भेटले तवाबी हेच म्हणली.”

संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. अण्णा जेवत होते. “कुठं गेल्ता?” त्यांनी विचारलं.

“कॉलेजचं काम होतं,” मी म्हणालो.

त्यानंतर पाच महिने ते होते, शांत होते. शेवटी शेवटी मलाही ओळखेनात. ते पान कुठून आलं, ती सात नावं कोणी जोडली, मला आजही ठाऊक नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा, मी हसणार नाही. पण मला झोप लागत नाही ती त्या पानामुळे नाही. कौसामावशी जे बोलली ते अण्णांना सांगायला माझ्याकडे पाच महिने होते, आणि मी सांगितलं नाही.