निळ्यापलीकडचा हट्ट

वसंतराव रामटेके सरांशी माझी पहिली ओळख झाली ती माझ्या छत्रीचा बळी देऊन. गडचांदूरच्या शाळेत विज्ञान शिक्षिका म्हणून मी रुजू झाले, त्या सकाळी मुख्याध्यापकांनी मला प्रयोगशाळेत सरांकडे पाठवलं. सर एका कॅमेऱ्याची आतडी टेबलावर पसरून बसले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या नव्याकोऱ्या काळ्या छत्रीकडे पाहिलं.

"कापड चांगलं आहे हो बाई. उजेड आरपार येत नाई ना?"

मी भाबडेपणानं "नाही" म्हटलं. पाच मिनिटांत छत्रीच्या नुसत्या काड्या माझ्या हातात होत्या आणि कापड कॅमेरा व भिंग यांच्या मधल्या घडीच्या नळीला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांच्या पत्नी शकुंतलाकाकू स्वतः शाळेत येऊन नवी छत्री देऊन गेल्या. "रागावू नका बाई, त्याईले काही सुचलं की मंग दम निंगत नाई," म्हणाल्या.

सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी समितीनं मला त्यांच्या 'शांत, संयमी व्यक्तिमत्त्वावर' लिहायला सांगितलं आहे. समितीतल्या मंडळींनी सरांना फक्त व्यासपीठावर बसलेलं पाहिलेलं दिसतं. मी त्यांना वीस वर्षं ओळखते. ते जेवतानाही एका जागी बसत नाहीत, आणि खरं सांगायचं तर हा लेख लिहिताना माझाही जीव थाऱ्यावर नाही. का, ते पुढे सांगते.

मधमाशीला दिसतो आणि माणसाला दिसत नाही असा एक उजेड असतो, अतिनील. त्या उजेडात फुलं कशी दिसतात, हे सरांना पाहायचं होतं. आजच्या भिंगांवरचे लेप हा उजेड अडवतात. म्हणून गावातल्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून त्यांनी एक जुनं, बिनलेपाचं भिंग मागून आणलं आणि सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून प्लास्टिकच्या पाइपात बसवलं. बाकीचा उजेड गाळायला एका त्वचारोगतज्ज्ञांच्या मोडक्या दिव्याची जांभळट काळी काच मिळवली. आमच्या गावात सिमेंटची धूळ कशावरही बसते, त्यामुळे दर फोटोआधी भिंग पुसायचं आणि धुळीला चार शिव्या घालायच्या, हा त्यांचा नेम होता.

पहिल्या फोटोंत झाडांची पानं कापसासारखी पांढरी आली. विज्ञान प्रदर्शनात लोकांनी वाहवा केली. तीन आठवड्यांनी सरांच्या लक्षात आलं की ती काळी काच गळकी आहे. तिच्यातून लालपलीकडचा, अवरक्त उजेडही येतो, आणि आम्ही ज्याला अतिनील म्हणून मिरवलं ते सगळं त्या दुसऱ्याच उजेडाचं चित्र होतं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सर साऱ्या शाळेसमोर उभे राहिले. "ते फोटो खोटे आहेत. मी चुकलो. ज्यायनं टाळ्या वाजवल्या, त्यायनं मले माफ करा." मुख्याध्यापक नुसते चुळबुळत होते. मी नंतर चिडून म्हटलं, सर, कोणाला कळणार होतं? ते म्हणाले, "मले कळलं ना वं. मंग झालं."

उपाय त्यांना कृषी केंद्रात सापडला. फवारणीचं मोरचूद पाण्यात विरघळवून ते निळं पाणी दोन काचांच्या मध्ये भरलं, की अवरक्त उजेड अडतो आणि अतिनील पुढे जातो. मग सूर्यफुलाचा फोटो निघाला. आपल्याला सगळ्या पिवळ्या दिसणाऱ्या पाकळ्या बुडाशी काळ्याभोर आणि टोकांना उजळ होत्या. सर तो फोटो घेऊन मैदानभर पळाले आणि शिपायापासून वाहनचालकापर्यंत सगळ्यांना त्यांनी तो दाखवला. त्या दिवशी त्यांच्या दोन तासिका बुडणार होत्या, त्या मी घेतल्या.

'अतिनील' हे नाव वस्तीत पोचलं तेव्हा गंमत झाली. अतिनील म्हणजे लई निळं, असा सगळ्यांनी सरळ अर्थ लावला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मंडळानं आग्रह धरला, "सर, आपला झेंडा अतिनीलमंदी काढा, कसा निळाशार दिसंन!" सरांनीही उत्साहात काढला. फोटोत झेंडा काळा आला आणि माणसांचे चेहरे काळे, वर ठिपक्याठिपक्यांचे. मंडळाचे अध्यक्ष भडकले, "सर, हे काय करून ठेवलं? झेंडाच काळा केला!" सरांनी फोटो वर धरला आणि मोठ्यानं म्हणाले, "झेंडा नंतर पाहा. आदी तोंडं पाहा. या उजेडात कोणीच गोरा नाई!" सगळ्यांत आधी अध्यक्षच हसले.

त्या वर्षी माझ्या रंगावरून दोन स्थळं परत गेली होती. सरांना ते ठाऊक होतं. संध्याकाळी त्यांनी तो फोटो माझ्या हातात दिला आणि ते निघून गेले. पुढे लग्न झालं, बदली झाली, घरं बदलली. तो फोटो अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते. सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. सरांनी विचारलं, "डोयातलं भिंग काढल्यावर मानसाले अतिनील दिसते म्हणतात, खरं काय?" डॉक्टर म्हणाले, काहींना थोडंफार दिसतं, पण आम्ही जे भिंग बसवतो ते हा उजेड अडवतं, आणि ते डोळ्याच्या भल्यासाठीच. "मंग मीच घासून देतो भिंग. तुमी फक्त बसवा." डॉक्टरांनी हात जोडले. सर उठून घरी आले आणि खरोखरच काच घासायला बसले.

मला संताप येतो. परवा त्यांची पायरी चुकली, गुडघा फुटला. काकूंनी फोन केला, "तूच सांग त्याईले. माह्यं ऐकत नाई."

मी काय सांगणार? मी तर वर्षभर खोटं बोलते आहे. समितीनं या ग्रंथासाठी सरांनी काढलेले नवे फोटो मागितले, म्हणून मी सगळे काढून पाहिले. गेल्या वर्षातला एकही फोटो स्पष्ट नाही. मी भेटायला गेले की प्रत्येक वेळी सर कॅमेरा माझ्यापुढे धरून विचारायचे, "नक्षी आली काय वं?" मी म्हणायचे, "आली सर, छान आली." नक्षी आलेली नसायची. तिथे नुसता धूसर डाग असायचा. खरं सांगितलं तर ते कॅमेरा खाली ठेवतील, मग त्यांचं काय होईल, या भीतीनं मी बोलले नाही. या ग्रंथात छापलेले सगळे फोटो जुने आहेत.

सर, हा लेख काकू तुम्हाला वाचून दाखवत असतील. एवढी बारीक अक्षरं आता तुम्हाला दिसत नाहीत, हे आम्हां दोघींनाही माहीत आहे. सत्कारानंतरच्या बुधवारची वेळ मी डॉक्टरांकडे घेऊन ठेवली आहे. सकाळी सात वाजता गाडी दारात येईल. भिंग डॉक्टरांचंच बसेल. त्यातून निळ्यापलीकडचं दिसणार नाही, पण काकूंचं तोंड दिसेल, पायरी दिसेल, आणि मी छान म्हटलेले फोटो किती वाईट आहेत तेही दिसेल. मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाला.

तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि ते डोळ्यांसकट लाभो. काकू, इथेच थांबा. ते "हो" म्हणेपर्यंत पान उलटू नका.