शेळीची नाडी, अठ्ठ्याहत्तर

९ डिसेंबर. घोटीजवळच्या एका गावात पशुसखींचं ट्रेनिंग होतं. पशुसखी म्हणजे गावातल्या जनावरांवर प्राथमिक उपचार करणारी बाई. विहाराच्या अंगणात अकरा जणी बसल्या होत्या. मध्ये त्यांच्यातल्याच सुनीताच्या घरची गाभण शेळी. विषय नाडी. शिकवणारी आणि परीक्षा घेणारी मी, जनावरांची डॉक्टर.

शेळीची नाडी मागच्या मांडीच्या आतून लागते. दोन बोटं ठेवायची, पूर्ण मिनिट मोजायचं. अंगठा लावायचा नाही. अंगठ्यात आपलीच नाडी उडते आणि माणूस तीच मोजत बसतो. निरोगी शेळीची साधारण सत्तर ते नव्वद भरते.

मी बोटं ठेवली. तेवढ्यात साहेबांचा फोन.

"मॅडम, ट्रेनिंगचा फोटो अजून अपलोड नाही."

"पाठवते सर."

फोन ठेवला आणि बायकांना सांगितलं, "अठ्ठ्याहत्तर." मोजली नव्हती. बावीस वर्षं डेमोत मी हाच आकडा सांगत आले आहे.

मग सुनीताने मोजली. "मॅडम, एकशे चोवीस भरली."

"अंगठा लावलास."

"नाय, बोटंच व्हती."

"मग शेळीची नाही, तुझीच धडधड मोजलीस. परीक्षेला घाबरलीस."

बायका हसल्या. सुनीताही हसली, जरा उशिरा. मी तिच्या नावापुढे शेरा लिहिला: नाडी मोजता येत नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. शेळी बसली होती, उठत नव्हती. मी गेले. ताप एकशे सहा, छातीत घरघर. न्यूमोनिया. दुपारीच इंजेक्शन देता आलं असतं. शेळी वाचली, पण माझ्यासमोर गाभडली. दोन करडं गेली.

सुनीताची सासू म्हणाली, "दुपारी तर अठ्ठ्याहत्तर व्हती ना, डॉक्टरीणबाई?"

"आत्या, गप ऱ्हा. मॅडम आल्या ना धावत," सुनीता म्हणाली.

सासूचं बोलणं मी ऐकून घेतलं. सुनीताकडे मात्र बघता आलं नाही.

धडा साधा आहे. आकडा आधीच पाठ असेल, तर बोटं ठेवून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच अंगणात अकरा जणींना सांगितलं, की काल मी मोजलीच नव्हती. सुनीताचा आकडा बरोबर होता. कोणी हसलं नाही. तिच्या नावापुढचा शेरा खोडला, बाजूला सही केली. फोन बंद करून पर्समध्ये टाकला. शेजारच्या घरून दुसरी शेळी आणवली.

"सुनीता, आधी तू मोज," मी म्हणाले, आणि पूर्ण मिनिट नुसतं घड्याळ धरून उभी राहिले.