इंजिन थांबल्यावर

मावशीच्या घराचा जनरेटर मी निवडला आणि तीन आठवड्यांत मीच मारला. शाळेत विज्ञानात पंच्याऐंशी गुण पडले होते. ती मस्ती माणसाला कुठवर नेते पाहा. विजेचे खांब खाणीपाशी संपतात आणि मावशीचं घर त्याच्याही पुढे, टेकडीवर. काकांचं श्वासाचं मशीन मात्र दिवसरात्र चालायला हवं. म्हणून मी दुकानातला सगळ्यात दांडगा जनरेटर घेतला, पंधरा केव्हीएचा.

एका दुपारी त्याच्या धुराड्यातून काळं तेल ठिबकलं, दोन आचके बसले आणि सगळं थंड. काकांना सिलिंडर लावला. त्यात चार तासांचा ऑक्सिजन होता. मावशीने बॅग काढली. आता शहरात तिच्या मुलाकडेच जायचं: चौथा मजला, दोन खोल्या.

काका म्हणाले, "तिकडे गेलो की मी काही परत येत नाही."

खाणीची इंजिनं सांभाळणारे मिस्त्री तासाभरात आले. साठीचे, डावा कान पार गेलेला, उजवा कामचलाऊ. इंजिनाशी कान नेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी अजून कोमट असलेल्या पत्र्यावर तळहात ठेवला, डॉक्टर पोटावर ठेवतात तसा.

"कोणी घेतला हा?"

"दुकानदाराने सुचवला," मी पुटपुटलो. उजव्या कानाला नेमकं तेवढंच ऐकू गेलं.

"हात पिरगाळून दिला का तुला?"

काजळी खरवडून त्यांनी इंजिन चालू केलं आणि ओरडले, "इस्त्री, गिझर, मिक्सर, असेल नसेल ते लाव!" मी लावलं. जनरेटर काळंकुट्ट खोकला आणि मग सुरळीत चालू लागला.

"बघितलंस? याला काम कमी पडत होतं. रिकामं पळवलं की डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरते. दिवसभर लोळणाऱ्या पैलवानासारखं."

दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून मावशीच्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसले. पंप कधी, फ्रिज किती, दिवे किती. मावशी पाठमोरी बोलायला लागली की म्हणायचे, "ताई, इकडे तोंड करा. आमच्या घरीही हेच. बायकोने पाठ फिरवली की संसार बंद." मावशी खूप दिवसांनी हसली. मी काही सुचवायला गेलो की ते सावकाश डावा कान माझ्याकडे करायचे.

त्यांनी निवडला पाच केव्हीएचा, मंद फिरणारा, आणि जोडीला बॅटऱ्या. सकाळ-संध्याकाळ अडीच-अडीच तास इंजिन पुऱ्या ताकदीने चालवायचं. पंप, धुणं, बॅटऱ्या सगळं तेव्हाच. उरलेला वेळ काकांचं मशीन बॅटरीवर. मोठा जनरेटर परत दुकानात गेला, तोट्यात.

नवा जनरेटर बसल्यावर पहिल्या संध्याकाळी ठरल्या वेळी मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. काकांच्या मशीनचा हिरवा दिवा तसाच होता. मावशी अर्धा तास त्याच्यासमोरून हलली नाही. मग उठून बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात लावायला लागली.

मिस्त्रींनी मला अंगणात बोलावलं.

"मजुरी ताईंनी दिली. तुझी वेगळी. इंजिन थांबल्यावर घरात काय काय ऐकू येतं, ते मला लिहून दे."

"कशाला?"

"चाळीस वर्षं इंजिनं बंद करतोय. थांबलं की माणसांचे चेहरे बदलतात, एवढंच दिसतं मला. कशाने बदलतात, ते कळू दे की."

मी चटकन लिहायला घेतलं. नळाचा थेंब. कपाटाचं दार. काकांच्या मशीनचा सुस्कारा. आणि मग आतून गुणगुणणं आलं, बेसूर, मध्ये मध्ये दम घेणारं. मावशी म्हणाली, "तुझे काका रोज संध्याकाळी गुणगुणतात. तुझ्या त्या धुडापुढे आम्हालाच ऐकू येत नव्हतं."

ते कसं लिहायचं, तिथे अडलोय. मिस्त्री ऑइल बदलायला येतात, काम संपलं की तेलकट तळहात माझ्यापुढे धरतात. दोनदा मी म्हटलं, "पुढच्या खेपेला." कागद खिशात आहे. त्यावर तीनच ओळी आहेत.