स्वर्गरथ आणि शाळेची बस

माझ्या भाचीइतकं घरबुडवं माणूस आमच्या दोन्ही घराण्यांत आजवर जन्माला आलेलं नाही. आमची माणसं हातातलं धरून ठेवणारी. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचं माझं शेवगावात दुकान आहे आणि त्यात वीस वर्षांपूर्वीचे स्क्रूसुद्धा डब्यात भरून ठेवलेले आहेत, कधी लागतील सांगता येत नाही म्हणून. अशा घरात ही पोर आली आणि बोलायला लागल्यापासून वाटत सुटली. डबा शाळेत न्यायची आणि वर्गाला खाऊ घालून घरी उपाशी यायची. वाढदिवसाला केक कापला तर ताटल्या वाटता वाटता हिच्या वाट्याला नुसता पुठ्ठा उरायचा, आणि त्याला लागलेलं क्रीम ती बोटानं चाटत बसायची. एका थंडीत ताईनं महिनाभर खपून विणलेला लाल स्वेटर तिनं शेजारच्या शेळीच्या करडाला घालून टाकला. शेजारीण बिचारी तो धुऊन, घडी करून परत घेऊन आली, तर ही दारातच आडवी. "दिलेलं परत घेत नसतात," एवढं बोलून तिनं स्वेटर पुन्हा करडाच्या गळ्यात घातला. ते करडू संक्रांतीपर्यंत गल्लीत लाल स्वेटरमध्ये हिंडत होतं आणि ताई मान खाली घालून भाजीला जात होती.

तिचा खरा बाणा दिसायचा तो गाडीत. प्रवासाला निघालं की आमच्याकडे एक खेळ चालतो. समोरून येणारी गाडी ओळीनं एकेकाची. पहिली आईची, दुसरी भाचीची, मग माझी, मग ताईची, शेवटी दाजींची. दुचाकी धरायची नाही, बाकी जे येईल ते गोड मानून घ्यायचं आणि मुक्कामाला पोचल्यावर कोण श्रीमंत झालं ते ठरवायचं. माझे दाजी तहसील कचेरीत आहेत, अत्यंत सरळ माणूस, पण या खेळात त्यांची नियत फिरते. लांबून चांगली गाडी दिसली की ते आपला वेग कमी करतात आणि आधीचा खटारा ताईच्या नावावर जाऊ देतात. मीही काही कमी नाही. पन्नाशीच्या घरातला माणूस असून एका पांढऱ्या मोटारीसाठी मी ताईशी तिसगावपर्यंत भांडलेलो आहे. आमच्या आईच्या नंबरावर मात्र हटकून उसाची बैलगाडी यायची. "माज्या नशिबाला बैलंच हायती," असं म्हणून ती खिडकीकडे तोंड फिरवायची. मग भाची आपली चकचकीत काळी गाडी आजीला देऊन टाकायची आणि बैलगाडी स्वतःकडे घ्यायची. वर आजीला पटवायची, की बैलांना तुझ्याकडं खायला काय हाय, इथं गाडीत आख्खा ऊस हाय. कचऱ्याची गाडी, पंक्चर होऊन कलंडलेला टेम्पो, कोंबड्यांचा पिंजरा, सगळं भंगार शेवटी तिच्याकडे जमा व्हायचं आणि आम्ही सगळे तिच्या जिवावर श्रीमंत होऊन नगरला उतरायचो. जिल्ह्याचं नाव आता बदललं, पण आम्ही जातो ते नगरलाच.

ती दुसरीत असताना माझ्या छातीचं ऑपरेशन ठरलं. नगरच्या दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. बायको आदल्या दिवशीच पुढे गेली होती, आणि मला घेऊन दाजी, ताई आणि आई निघाले. पोरीला ठेवायचं कुणाकडे, म्हणून तीही मध्ये बसली. गाडीत कुणी बोलत नव्हतं. मी भ्यालो होतो. डॉक्टरांनी धोका किती ते नीट समजावून सांगितलं होतं, आणि नीट समजल्यामुळेच भ्यालो होतो. आई तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती. भाचीला ती शांतता सोसली नाही. तिनं खेळ सुरू केला आणि नाइलाजानं आम्ही खेळू लागलो.

करंजीचा घाट चढून वर आलो. आईला ट्रॅक्टर मिळाला. भाचीला पिवळी शाळेची बस मिळाली, तशी ती टाळ्या पिटून हसली. त्यानंतर नंबर माझा. वळणावरून झेंडूच्या माळा लावलेली एक पांढरी गाडी आली. भाची नुकतीच वाचायला शिकली होती, त्यामुळे दिसेल ते मोठ्यानं वाचायची. तिनं एकेक अक्षर लावून वाचलं, "स्वर्गरथ."

दाजींचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ताईनं मागे वळून पाहिलं नाही. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या रुतल्या. मी हसायचा प्रयत्न केला. भाचीनं आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं. मग नेहमीच्याच सुरात म्हणाली, "मामा, ही मला दे. तू माझी बस घे. ती रोज संध्याकाळी घरी येती."

मी बस घेतली. एवढ्या घाईनं मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. आठ दिवसांनी घरी आलो ते संध्याकाळीच.

बरा झाल्यावर मात्र मला एक बारीकशी टोचणी लागली. मी देवभोळा नाही, आणि खेळ तो खेळ हे मलाही कळतं. पण सात वर्षांच्या पोरीच्या नावावर आपण काय करून ठेवलं, हा विचार मोटार उघडून बसलो की मध्येच यायचा. दोन-तीनदा तिला म्हटलंही, की बाई, ती गाडी मला परत दे. तिचं उत्तर करडाच्या वेळचंच.

आता ती सातवीत आहे. खेळ बंद पडला. आई थकली, तिला आता प्रवास झेपत नाही, आणि भाची कानात मोबाईलची बोंडं घालून खिडकीशी बसते. दाजी बिचारे चांगली गाडी दिसली की अजूनही उगाचच वेग कमी करतात, पण त्यांच्याशी भांडायला कुणी नसतं. परवा माझ्या तपासणीसाठी नगरला चाललो होतो, तर घाटावर तशीच झेंडूच्या माळांची गाडी समोरून आली. मी पटकन म्हणालो, "ही माझी."

तिनं एका कानातलं बोंड काढलं. "न्हाई मामा, ती माझीच हाय. तुझी बस येईल मागून." आणि बोंड परत कानात घालून ती बाहेर बघू लागली.

नगर येईपर्यंत मी त्या बसची वाट पाहिली, आणि मनातल्या मनात देवाला सांगत राहिलो, की पोरीचा हा एवढा व्यवहार खरा धरू नकोस.