मुठीतलं वजन

गांगुर्डेकाका जेवताना ताटाखाली ओलं फडकं अंथरत. जहाज हललं तरी ताट घसरू नये म्हणून. जहाजावरची नोकरी सुटून कित्येक वर्षं झाली होती आणि देवळाली कॅम्पातलं, आमच्या वरच्या मजल्यावरचं त्यांचं घर कधीच हललं नव्हतं. तरी फडकं कोरडं दिसलं की काकू बोलणी खात.

त्यांची सगळी नोकरी सरकारी समुद्र-संशोधन जहाजावर झाली. त्यांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची, डेकवरची आणि ओकारीवाली. मी दुसऱ्यांत. जिन्यात भेटले की म्हणत, "काय मिस, तोंड कॉन्व्हेंटातच जमा करून आलीस का?" मी खाली बघून निघून जाई.

एमएस्सीनंतर मला तशाच एका जहाजावर पाण्याचे नमुने घेण्याचं काम मिळालं. पप्पा म्हणाले, काकांना विचारू, ते हो म्हणाले तर जा. आमच्या ओळखीत समुद्रावर राहिलेला माणूस तो एकच.

काकांनी आम्हाला गच्चीवर बोलावलं. कठड्यावरून दोरी सोडली होती, टोकाला बाटली. समुद्रात अशी उघडी बाटली तारेला बांधून खोल सोडतात. मग तारेवरून एक वजन सोडायचं; ते आपटलं की बाटली मिटते. खालचं दिसत नाही, तारेवरच्या हाताला धक्का कळतो. धक्का नसताना 'लागलं' म्हटलं तर बाटली उघडीच वर येते आणि नमुना वाया जातो.

त्यांनी मला दोरी धरून डोळे मिटायला लावले.

"सोडलं. लागलं?"

"नाही."

"लागलंय. माझा जन्म गेला यात. लागलं म्हण."

पप्पा हळूच म्हणाले, "म्हण ना बेटा, ते सांगतायत तर."

"काहीच लागलं नाही, काका."

हिला साधा धक्का कळत नाही, बँकेत चिकटवा कुठेतरी, असं ते पप्पांना सांगू लागले. मी डोळे उघडले. पप्पा त्यांच्या मुठीकडे बघत होते. कुणाला मूठ उघडायला सांगणं पप्पांच्या स्वभावात नाही. त्या दिवशी त्यांनी सांगितलं.

वजन मुठीतच होतं.

"सगळी पोरं हो म्हणतात," काका म्हणाले. ओशाळून नव्हे, चिडून.

जिना उतरताना पप्पांनी विचारलं, बॅग कोणती नेणार.

काका गेले तेव्हा मी समुद्रावर होते. आई फोनवर म्हणाली, काकूंनी तेराव्याआधीच फडकी फेकून दिली. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पण तारेवर हात ठेवलेला असताना एखाद्या वरिष्ठाने घाईने "लागलं?" विचारलं, की मी आधी त्याची मूठ बघते.