दवबिंदूच्या कुंडीत तांदळाचं धुवण

टेकडी म्हणजे नुसती खडी, असं म्हणणाऱ्यांशी मी तेव्हा रोज भांडायचे. नव्वदच्या दशकातलं नेरूळ. खडीसाठी टेकड्या फोडायला आमच्या गटाचा विरोध होता आणि त्याची पत्रकं मी लिहायचे. वाशीच्या स्टेशनबाहेर ती वाटून घसा बसला, टेकडी फुटायची ती फुटलीच.

तिच्या माथ्यावरच्या ओल्या कातळावर दवबिंदू उगवायचा. बोटभर उंचीचं तांबूस रोप, पानांवर केस, केसांवर चिकट थेंब. चिलट अडकलं की पान हळूहळू त्याच्यावर वळतं आणि ते खाऊन टाकतं. सुरुंग लागण्याआधी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी नऊ रोपं पसरट कुंडीत उचलून आणली. त्या टेकडीची एवढीच उरली होती. ही रोपं बी धरतात आणि मरतात. बी मिळालं तर पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या कातळावर पेरता येणार होतं. नाही मिळालं तर खेळ खलास.

ऑक्टोबरात सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला निघाले. कुंडी आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा कॅन माझ्या हवाली केला.

"खालच्या ताटलीत पेरभर पाणी कायम हवं. वरून ओतायचं नाही. नळाचं नाही, टँकरचं नाही, खत तर मुळीच नाही. नापीक जागेतलं झाड आहे. लाड केलेस तर मरेल."

घरी येऊन मी गॅलरीत लाल शाईने पाटी लावली. 'नळाचे पाणी घालू नये!' आणि करावे गावात दोन दिवस बैठका होत्या, तिकडे गेले.

परत आले तेव्हा ताटलीतलं पाणी पांढुरकं झालं होतं. आंबूस वास येत होता. पानांवर एकही थेंब नाही. दोन रोपं काळी पडायला लागली होती.

"आई, तू पाणी घातलंस?"

"ताटली कोरडी ठणठणीत होती. ऊन बघ बाहेर!"

"नळाचं?"

"नळाचं कुठलं? तांदळाचं धुवण घातलं दोन्ही दिवस. माझी तुळस बघ त्याच्यावर कशी टरारलीय."

"वरून?"

"मग काय खालून घालतात?"

"पाटी वाचता येत नाही तुला?"

आईने हातातली पळी ओट्यावर आपटली. "पाटीवर धुवणाचं लिहिलंय का? सगळ्या गावाला समजावत फिरतेस. घरात दोन वाक्यं बोलली असतीस तर?"

 पाटी लावली की काम झालं, असं मला खरंच वाटायचं.

आता एकच उपाय होता. स्वच्छ पाण्याने माती पुन्हा पुन्हा धुवायची आणि खाली गळेल ते फेकून द्यायचं. पण कॅनमध्ये जेमतेम दोन ग्लास पाणी उरलं होतं. धावत हायवेजवळच्या गॅरेजात गेले, बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली आणली. स्टीलच्या ताटलीत चमचाभर टाकून गॅसवर आटवलं, तर क्षारांचं पांढरं कडं उरलं. सरळ नळाचं पाणी! तशीच गॅरेजवाल्याकडे परत गेले.

"बाटलीवर शुद्ध लिहिलंय, आत नळाचं भरता?"

"गाडी बंद पडली काय, ताई?"

"गाडी नाही. झाडाला हवंय."

"झाडाला बॅटरीचं पाणी? धक्का मारून स्टार्ट करनार काय?"

सगळं गॅरेज हसलं. मी फसवणुकीवर भाषण ठोकलं आणि रिकाम्या हाताने घरी आले. तोवर आणखी एक पान लोळलं होतं.

आई ते पांढरं कडं नखाने खरवडून बघत होती. "हे नसलेलं पाणी हवंय ना?" तिने फ्रीज उघडला. फ्रीजरच्या भिंतींवर बोटभर बर्फ साचला होता. "ह्याला मी कधी पाणी घातलेलं नाही. हवेतलंच धरतं."

आम्ही बर्फ खरवडला, वितळवला, चमचाभर आटवला. ताटली लख्ख!

मग आई पातेलं घेऊन सगळी बिल्डिंग फिरली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "माझा पण ने की."

"तुमच्या फ्रीजरात मासळी असते. नको."

"अगो, सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली ताजी कोलंबी! तुझं झाड मांसाहारी ना, नाक कसलं मुरडतंय?"

बर्फाचा गारवा जाईस्तोवर थांबायचं आणि मग ते पाणी मातीत कडेने हळूहळू सोडायचं. असं चार वेळा केलं. पुढचे आठ दिवस मी सकाळी डोळे उघडले की आधी गॅलरीत जायचे. सहा रोपं गेली. उरलेल्या तिन्हींच्या पानांवर एका सकाळी पुन्हा थेंब दिसले. मी आईला हाक मारली. ती आली आणि चिलटं यावीत म्हणून केळ्याची साल जवळ ठेवून गेली.

सर डोळ्यावर हिरवी पट्टी लावून आले. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "माझ्या हातून झालं."

"मी तिला सांगितलंच नव्हतं," मी म्हणाले.

सरांनी कुंडीवर वाकून चांगल्या डोळ्याने एकेक रोप तपासलं. "तिन्हींना कळ्या आहेत. आता कुंडी हलवू नका. आणि वहिनी, बर्फ चालू ठेवा."

दोनच रोपं फुलली. त्यांची बोंडं तपकिरी झाली तेव्हा सरांनी निरोप धाडला, आता कुंडी हलवली तरी चालेल, बी आजच काढा. कुंडी उन्हातून आत आणली. आईने पंखा बंद केला, पाती पूर्ण थांबेपर्यंत वर बघत राहिली, आणि मग बोंडाखाली पांढरी बशी धरली. मी काडीने टिचकी मारली. बशीत काळी पूड पडली, चिमटीतही येणार नाही एवढी.

"एवढंच?" आईने श्वास रोखूनच विचारलं.

"एवढंच. हलू नकोस."