मोरीत कढत पाणी ओतताना

धुळ्यातलं आमचं पाणी जड. पाणी उकळायच्या मशीनमध्ये पांढरा थर धरतो, तो काढायला सोनगीरहून एक मेकॅनिक येतो. लिंबूसत्त्व घालून पाणी उकळेपर्यंत टाकीजवळ कान नेऊन गप्प बसतो. मग ते कढत पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतण्याआधी हळूच म्हणतो, "बाजूले सरक वं माय." डोळ्यांना न दिसणारं कुणी तिथे असलं तर भाजू नये, म्हणून असं सांगायची आमच्याकडे रीतच आहे. मला ते आवडायचं.

काल त्यानं न बोलताच पाणी ओतलं.

"आज सांगितलं नाही, भाऊ?"

"आते ती तठे नही शे, अक्का."

"तिथे नाही, तर मग कुठे आहे?"

पिशवी उचलून तो निघाला. स्वयंपाकघराच्या रिकाम्या दारात थांबून, अंग चोरून त्यानं कुणाला तरी आधी आत येऊ दिलं. मग गेला.